टॉर क्रीकच्या वाजंत्रिणी

आमच्या टॉर क्रीकमध्ये खाणीत मेलेला माणूस कधी मुकाट्यानं पुरला गेला नाही. दफनभूमी टेकडीवर, वाट चढाची आणि चिखलाची, तरी शवपेटीच्या पुढे लाल कोटातला बँड चालायचाच. आधी बँड, मग पेटी, मग पुरुष. बायका घरी थांबायच्या आणि परतणाऱ्यांसाठी चहा टाकायच्या. असंच चालत आलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. न्यूझीलंडच्या पार्लमेंटात कोण जाणार हे ठरवायला माझी आई मी जन्मायच्या आधीपासून मत टाकत होती. पण बँडच्या खोलीचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. झाडायलासुद्धा नाही.

मग युद्ध आलं. बँडमधले बहुतेक गडी फ्रान्सला गेले. मागे राहिले ते बँडमास्तर जेकब ट्रेगिअर. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणे. तरुणपणी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेले, कोळशाच्या धुळीनं छाती भरलेली. स्वतः फुंकता येत नसे, पण कान असा की खोलीत एक सूर केसभर खाली उतरला तरी कपाळावर आठी उमटायची. वाद्यं कुलपात पडली होती आणि किल्ली बँड समितीचे अध्यक्ष मिस्टर हॉस्किंग यांच्या घड्याळाच्या साखळीला लटकत होती. गावातलं एकमेव किराणा दुकान त्यांचंच.

एक कॉर्नेट मात्र कुलपाबाहेर होतं. डेव्ही रोवन हा आमचा पहिला, म्हणजे मुख्य कॉर्नेटवाला. स्टेशनवर गाडीत चढताना त्यानं ते तुतारीसारखं आखूड पितळी वाद्य मास्तरांच्या मुलीच्या, टॅम्सिनच्या हातात दिलं होतं. "सांभाळ," एवढंच म्हणाला. त्या दोघांचं ठरल्यासारखं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की टॅम्सिनला ते वाजवता येत होतं. मास्तरांनी तिला लहानपणापासून घरामागच्या कपडे धुण्याच्या खोलीत, दार लावून शिकवलं होतं. का, असं कुणी पुढे विचारलं तर म्हणायचे, "घरात कान असलेलं माणूस ती एकच होती. मी काय करणार?"

एकोणीसशे सतराच्या हिवाळ्यात खाणीचं छत कोसळून मिक डिलन गेला. त्याची बायको नोरा आयरिश. दंडानं गड्याच्या तोडीची आणि जिभेनं त्याहून वरचढ. आमची बेकरी तिच्या शेजारीच. मी पाव घेऊन गेले तेव्हा मिस्टर हॉस्किंग टोपी हातात धरून तिच्या स्वयंपाकघरात उभे होते.

"बँड किती वाजता यायचाय?" नोरानं विचारलं.

"मिसेस डिलन, बँड आहे कुठे आता? पोरं लढाईवर गेली. आपण चर्चची घंटा वाजवू."

"घंटा रोज वाजते. माझा मिक आयुष्यभर बँडची वर्गणी भरत आला. आणि तो काय आता मांजरासारखा गुपचूप जाणार?"

"नाइलाज आहे, बाई."

टॅम्सिन तेव्हा बोर्डिंगहाऊसच्या धुलाईत कामाला होती. पेटीवर घालायची पांढरी चादर घेऊन ती दारात उभी होती. ती म्हणाली, "मी वाजवते."

दुसरंच कुणी बोललं की काय, म्हणून मिस्टर हॉस्किंग यांनी मागे वळून पाहिलं. "काय वाजवतेस?"

"कॉर्नेट."

"पोरी, ही अंत्ययात्रा आहे. करमणूक नव्हे."

"म्हणून तर म्हणते."

ते काही बोलणार, एवढ्यात नोरानं टेबलावर हात आपटला. "मढं माझ्या घरातलं आहे, मिस्टर हॉस्किंग. त्याच्या पुढे कोण वाजवणार ते मी ठरवणार. आणि आत्ताच सांगून ठेवते, टेकडीवर मीसुद्धा येणार. चहाचं तुमच्या बायकोला बघू दे."

दुसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. मी बेकरीच्या दारात पिठाच्या हातांनी उभी होते. आधी आवाज आला, मग वळणावरून टॅम्सिन दिसली. काळा झगा, डोक्याला रुमाल, आणि समोर धरलेलं कॉर्नेट. एकटीच. एका वाद्याचा आवाज तो केवढा! पण तो रस्ताभर पसरला होता. जिथं चढ लागतो तिथं जुना बँड दम घ्यायला थांबायचा. ती थांबली नाही. सूर जरा थरथरला, पण तुटला नाही. खाणीची पाळी संपवून आलेले गडी कडेला उभे होते. त्यांच्या टोप्या एकामागून एक उतरल्या. नोरा पेटीच्या मागे चालत होती, डोळे कोरडे, मान ताठ. मी कधी रस्त्यावर उतरले ते मला कळलं नाही. मागे पाहिलं तर माझी आई होती, शाळेतल्या बाई होत्या, पोस्टातली ऑलिव्ह होती. त्या दिवशी टॉर क्रीकमध्ये चहा उशिरा झाला.

त्याच आठवड्यात नोरा धुलाईच्या खोलीत येऊन उभी राहिली. "मला तो मोठा ढोल शिकव," टॅम्सिनला म्हणाली.

"ढोल कुलपात आहे."

"कुलूप माझ्यावर सोड."

मग ती पोराबाळांसकट हॉस्किंगच्या दुकानात गेली आणि काउंटरसमोरच्या बाकावर जाऊन बसली. गिऱ्हाईक आलं की त्याला आपण इथं का बसलोय ते सविस्तर सांगायची. धाकटं पोर बिस्किटांच्या पिंपाशी गेलं होतं. दुपारच्या आत किल्ली तिच्या हातात पडली. "घ्या! एकदाची हौस फिटू द्या, वाजंत्रिणींनो," मिस्टर हॉस्किंग म्हणाले. "महिनाभर तोंडं फुगवाल आणि आपसूक परत कराल."

असा आमचा बँड सुरू झाला. नोरा ढोलावर. मी हॉर्नवर, कारण माझा खालचा ओठ जाड आहे असं मास्तर म्हणाले आणि तो ओठ माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला आवडला. ऑलिव्हनं युफोनियम घेतलं. ते मांडीवर धरलं की ती त्याच्यामागे निम्मी झाकून जायची. शाळेतल्या बाई, बोर्डिंगहाऊसच्या मुली, ज्यांचे नवरे लढाईवर होते अशा चारदोन जणी.

पहिल्या तालमीला जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरचं कुत्रं रडायला लागलं. मास्तर खुर्चीवर डोळे मिटून बसून होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही श्वास घेता कुठून? गळ्यातून? बायांनो, गळा बोलायला असतो. वाजवायचं तर पोटातून श्वास हवा. इथून!"

"मास्तर," नोरा म्हणाली, "पोटाला कुलूप आहे."

मास्तरांना काही कळेना. टॅम्सिनला कळलं. "बाबा, जरा बाहेर जाऊन पाइप ओढून या," ती म्हणाली.

ते बाहेर गेले. मग आम्ही एकमेकींच्या पाठीच्या नाड्या सोडल्या. पोलादी कांब्यांच्या त्या कंबरचोळ्या आम्ही वयात आल्यापासून घालत होतो. त्यांच्याशिवाय चारचौघांत जाणं म्हणजे उघडं जाण्यासारखंच. सगळ्यांच्या कंबरचोळ्या खुंटीवर टांगल्या आणि आम्ही पहिला श्वास घेतला. त्या श्वासाबद्दल मी पुष्कळ बायकांना नंतर सांगितलं आहे. बरगड्या बाजूला सरकतात, पोट पुढे येतं, आणि डोकं चक्क हलकं होतं. ऑलिव्ह हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. "अगं, एवढी जागा होती आत?" ती म्हणाली.

मास्तर परत आले. खुंटीकडे त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं. "हं. पुन्हा," म्हणाले. आणि या वेळी निघाला तो सूर होता.

घरी आई म्हणाली, "कंबर जाईल तुझी. मग कोण लग्न करील?"

"जाऊ दे. सूर आला," मी म्हणाले. आई पिठात पाणी ओतत राहिली. पुढच्या रविवारी चर्चला जाताना तिचीही पाठ जरा सैल दिसली.

पुरुषांचे लाल कोट आम्ही उसवून अंगाबरोबर शिवले. चर्चमध्ये एकदा प्रवचन झालं की स्त्रीच्या मुखातून कोमल शब्द यावेत, पितळेचा गडगडाट नव्हे. खाणीचे गडी मात्र लवकर सरावले. पोरं आमच्या मागून गाल फुगवून चालायची, मग ताल धरून चालायला लागली. अठराच्या नोव्हेंबरात साथीचा ताप आला. दुकानं, शाळा, सगळं बंद. मेलेल्यांच्या मागे चार माणसंसुद्धा जायला धजत नव्हती. आम्ही रस्त्याच्या कडेला अंतरा-अंतरानं उभ्या राहून प्रत्येक पेटीला वाजवलं. त्यातली एक पेटी ऑलिव्हची होती. त्या दिवशी युफोनियमची जागा आम्ही मोकळी ठेवली, आणि जिथं तिचे सूर यायचे तिथं कुणीच वाजवलं नाही. गावातल्या कुणी त्यानंतर आम्हाला करमणूक म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी पोरं परत आली. स्टेशनवर स्वागताला बँड अर्थातच आमचा. डेव्ही रोवन गाडीतून उतरला. गेला होता त्याच्या निम्मा झालेला. तो टॅम्सिनसमोर येऊन उभा राहिला. तिच्याकडे पाहिलं, मग कॉर्नेटकडे.

"छान चकाकतंय," म्हणाला.

"रोज पुसते."

"आता मी आलो."

"बरं झालं आलास," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरलेले मी पाहिले. पण नोरानं ढोलावर पहिली टिपरी टाकली होती. टॅम्सिननं कॉर्नेट ओठाला लावलं.

चहापानाच्या वेळी मिस्टर हॉस्किंग बाकावर चढले. "आपल्या भगिनींनी आपल्या शूर पोरांची जागा राखून ठेवली, त्यांचे आभार," म्हणाले. "आता त्यांनी विसावा घ्यावा. नव्या वर्षाला वाद्यं समितीकडे परत येतील."

टाळ्या पडल्या. त्या ओसरल्यावर नोरा म्हणाली, "आम्ही दमलोय असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

डिसेंबरातली गोष्ट. तालीम संपली होती, मी आणि टॅम्सिन वाद्यं पुसत होतो. डेव्ही आत आला. "बघू," म्हणून त्यानं कॉर्नेट हातात घेतलं. ईस्टरला बंदरावर किनाऱ्यावरच्या सगळ्या बँडांची स्पर्धा भरायची होती, युद्धानंतरची पहिली. तिच्यासाठी सगळ्या बँडांना नेमून दिलेली धून समोर स्टँडवर मांडली होती. डेव्हीनं त्यातला कॉर्नेटचा एकल भाग सुरू केला. किती गोड सुरुवात होती ती! बोटं काहीच विसरली नव्हती. मग एक लांब सूर आला आणि तो मधेच फाटला. डेव्ही भिंतीला टेकून खोकत राहिला. फ्रान्समधला विषारी वायू त्याच्या छातीत अजून होता.

टॅम्सिननं पाणी दिलं.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगणार."

"थोडे दिवस गेले की जमेल."

"जमेल."

पाणी पिऊन त्याला जरा बरं वाटलं असावं. "पण टॅम," तो म्हणाला, "आपलं लग्न झाल्यावर तू अशी रस्त्यानं गाल फुगवून... बरं दिसेल का ते?"

"कसं दिसतं ते मला माहीत नाही, डेव्ही. मी वाजवताना समोर आरसा धरत नाही."

"म्हणजे सोडणार नाहीस?"

"नाही."

"मी सांगितलं तरी?"

"तू सांगू नयेस असं मला वाटतं," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. पण मी कोपऱ्यात हॉर्न हातात धरून बसले होते, मलासुद्धा त्यात दार लागल्याचं ऐकू आलं.

डेव्हीनं कॉर्नेट टेबलावर ठेवलं, जपून ठेवलं, आणि निघून गेला. टॅम्सिन ते पुसायला लागली. "एल्स्पेथ, तू काही ऐकलं नाहीस."

"मी? मी काय ऐकणार? मी हॉर्न पुसत होते."

नव्या वर्षाच्या आधी खाणकामगारांच्या सभागृहात बैठक भरली. वाद्यं त्यांच्या वर्गणीतून आलेली, म्हणून निकाल त्यांचा. एरवी आम्ही तिथं फक्त चहाच्या पिंपामागे उभ्या असायचो. त्या दिवशी आम्ही लाल कोट घालून पुढच्या बाकांवर जाऊन बसलो.

मिस्टर हॉस्किंग मुद्द्यावर आले. "वाद न घालता सांगतो. डेव्ही रोवनसारखा कॉर्नेटवाला या किनाऱ्यावर दुसरा नाही. तो परत आलाय. ईस्टरची स्पर्धा तोंडावर आहे. मग बायकांचं लटांबर बंदरावर नेऊन गावाचं हसं का करून घ्यायचं?"

डेव्ही शेवटच्या रांगेत बसला होता, नजर जमिनीकडे. टॅम्सिननं एक वाक्य उच्चारलं असतं तर विषय तिथंच संपला असता. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान किंचित हलवली. नाही.

ती उठली. "वाद्यं तुमची आहेत," ती म्हणाली. "ज्याला माझ्यापेक्षा चांगलं वाजवता येतं त्यानं यावं, मास्तरांसमोर वाजवून दाखवावं आणि माझी जागा घ्यावी. बाई असो, बाप्या असो. मी स्वतः खुर्ची पुसून देईन. पण बाई आहेस म्हणून ऊठ, असं म्हणाल तर मी उठणार नाही."

"घरी जाऊन भांडी घासा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मी माझी घासून आलेय, जिम," नोरा वळूनही न पाहता म्हणाली. "तुझी तुझी बायको घासत बसलीय, म्हणून तुला इथं बोंबलायला फुरसत आहे."

हशा पिकला. नोरा उभी राहिली तेव्हा तो आपोआप थांबला. "मिकला नेलं तेव्हा तुम्ही सगळे टोप्या काढून उभे होता. तापात मेलेल्यांना आम्हीच वर पोचवलं. तुमच्या आया होत्या त्यात, तुमची पोरं होती. तेव्हा कुणाला हसू आलं नाही. मग बंदरावरची माणसं हसतील म्हणून आम्ही घरी बसायचं? हसू दे की. आमच्या कानात ढोल असतो, आम्हाला ऐकू येत नाही."

मग एका म्हाताऱ्या खाणकऱ्यानं ठराव मांडला: बँडची जागा वाजवणाऱ्याची, कोण वाजवणार ते मास्तर ठरवतील, आणि ऐकून ठरवतील. हात वर करा.

पहिला हात शेवटच्या रांगेतून वर गेला.

"डेव्ही?" मिस्टर हॉस्किंग म्हणाले. "अरे, तू?"

"हो, मी," डेव्ही म्हणाला. कारण त्यानं सांगितलं नाही. त्याच्या हाताकडे पाहून लढाईवरून आलेल्या बाकीच्यांचे हात वर गेले, मग खाणीतल्यांचे. जिमनं शेवटी हात वर केला, कारण एकटं बसणं त्याला जमेना.

ईस्टरच्या आधी परत आलेल्यांपैकी चार गडी मास्तरांसमोर वाजवून आत आले. बाकी आम्ही. बंदरावरच्या मैदानात झेंडे लागले होते, माणसं कुंपणावर चढून बसली होती. मैदानाच्या मधोमध परीक्षकाचा तंबू. सगळ्या बाजूंनी बंद. परीक्षकाला आत कोंडल्यासारखं बसवायचे, म्हणजे कुठला बँड वाजतोय हे त्याला दिसू नये, नुसतं ऐकू यावं. बँडला फक्त क्रमांक. हे गृहस्थ सिडनीहून आले होते.

आमचा चार क्रमांक पुकारला आणि आम्ही लाल कोटात मैदानावर आलो. मास्तर पुढे, काठी टेकत. आधी कुजबुज, मग हसण्याची लाटच आली. कुणी शीळ घातली. "चहा आणलात का?" असं एक जण ओरडला. मी हॉर्नवरून नजर वर काढली नाही, खोटं कशाला सांगू. टॅम्सिननं आमच्याकडे वळून पाहिलं. "आत तंबूत एक माणूस बसलाय," ती हळूच म्हणाली. "त्याला फक्त आपण ऐकू येतोय. बाकी इथं कुणी नाही."

मास्तरांनी हात उचलला. आम्ही श्वास घेतला, सगळ्यांनी एकदम.

पहिल्या काही ओळी हसू चालू होतं. मग ते कुठंतरी मागे राहिलं. टॅम्सिनचा एकल भाग आला तेव्हा मैदानात झेंड्यांच्या फडफडीखेरीज आवाज नव्हता. ज्या लांब सुराशी डेव्ही थांबला होता तो सूर आला. तिनं तो हळू उचलला, भरत नेला, आणि जिथं संपायला हवा तिथं अलगद खाली ठेवला. मास्तरांच्या कपाळावर आठी नव्हती. मी इतकी वर्षं त्यांच्या कपाळाकडे बघत वाजवलं, पण इतकं स्वच्छ कपाळ कधी पाहिलं नाही.

दुपारी निकाल. परीक्षक तंबूतून बाहेर आले, डोळ्यांवर ऊन आलं म्हणून हात धरून बोलायला लागले. पहिला क्रमांक बंदराच्या स्वतःच्या बँडला. "दुसरा, अगदी थोडक्यानं मागे, क्रमांक चार," ते म्हणाले. "आधी कसला गोंधळ चालला होता ठाऊक नाही, मैदानात डुक्कर शिरलं की काय असं वाटलं. पण या बँडनं त्याची पर्वा केली नाही. एकत्र श्वास घेणारी अशी माणसं मी या फेरीत ऐकली नाहीत. आणि पहिला कॉर्नेट वाजवणाऱ्या त्या गृहस्थांना मला भेटायचं आहे. कुठं आहेत ते?"

टॅम्सिन पुढे झाली.

परीक्षकांनी तिच्या मागे पाहिलं. मग तिच्याकडे. मग आमच्या सगळ्यांकडे.

"कुठं शिकलात आपण?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कपडे धुण्याच्या खोलीत, साहेब."

त्यांनी टोपी काढली. पूर्ण काढली, आणि वाकले. मग टाळ्या अशा सुरू झाल्या की कुंपण मोडलं. खरोखर मोडलं, त्यावर बसलेले गडी खाली पडले आणि पडल्या पडल्या टाळ्या वाजवत राहिले. नोरानं मला मिठी मारली तेव्हा माझा हॉर्न चेपला. तो चेपा मी कधी सरळ करून घेतला नाही.

मिस्टर हॉस्किंग गर्दीतून वाट काढत आले. चेहरा लाल. आता काय बोलतात म्हणून आम्ही थांबलो. "त्या बंदरवाल्यांच्या ट्रॉम्बोनचा सूर खाली लागत होता," ते तणतणत म्हणाले. "मी इथून ऐकला. पहिला नंबर आपला होता! आपला!" नोरा म्हणाली, "आपला काय, मिस्टर हॉस्किंग?" ते म्हणाले, "मग कुणाचा?" आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना स्टेशनवरच्या हॉटेलात जेवू घातलं. मटणाचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री आणि वर फळांचा मुरंबा. माणसानं चूक कबूल करायच्या जेवढ्या तऱ्हा असतात, त्यात ही मला बरी वाटली.

परतीच्या गाडीत मी टॅम्सिनजवळ बसले होते. डेव्ही डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून आला. दिवसभर तो मैदानात होता हे आम्हाला माहीत नव्हतं. तो समोर उभा राहिला, छताला लटकणारा पट्टा धरून.

"तिसऱ्या कॉर्नेटची जागा रिकामी आहे म्हणतात," तो म्हणाला. "त्यात लांब सूर नसतात फारसे."

"आहे रिकामी," टॅम्सिन म्हणाली.

"मला मिळेल?"

"मंगळवारी ये. बाबांसमोर वाजव. बाबा ठरवतील."

"तू शब्द टाकणार नाहीस?"

"नाही," ती म्हणाली, आणि हसली. त्या वर्षात मी तिला पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसताना पाहिलं. "पण येशील तेव्हा मी तिथं असेन."

तो मंगळवारी आला, वाजवलं, दोनदा खोकला, आणि मास्तरांनी त्याला घेतलं. मास्तर म्हणाले, "खोकला तालात होता." पुढे मास्तर थकले तेव्हा बँड चालवायची छडी टॅम्सिनच्या हातात आली, आणि समितीत त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. तिचं आणि डेव्हीचं लग्न झालं. तो नवरा म्हणून कसा होता ते ती जाणे. तिसरा कॉर्नेट म्हणून वेळेवर यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगराच्या पलीकडच्या लाकूडगिरणीच्या गावातून दोन बायका खेचरांच्या गाडीतून आल्या. त्यांना बँड काढायचा होता आणि गावात कुणी शिकवायला तयार नव्हतं. नोरानं ढोल पाठीला बांधला, पोरांना माझ्या आईकडे सोडलं आणि गाडीत चढून बसली. जाताना मला म्हणाली, "तुलाही घेऊन गेले असते, एल्स्पेथ. पण गाडीत मी आणि ढोल बसल्यावर जागा राहते कुठे?" गाडी हलली. गाव संपेपर्यंत ती ढोल वाजवत गेली, दोन्ही बाजूंची दारं उघडत गेली, आणि एकाही दारातून तिला कुणी गप्प बस म्हणालं नाही.